ड्रायव्हर लोकांची खोली

“ह्याला लिफ्ट आहे,” वन्सं रिक्षात बसल्या बसल्याच म्हणाल्या. “बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलंय. मला दुसरं काही नको. तू जा, बघितल्यासारखं कर आणि चावी घेऊन ये.”

खरेदीबाई उतरल्या. पहाटे निघालेली बस दुपार कलताना पोचली होती आणि पाठीला रग लागली होती. त्यांनी चष्मा पुसला, केसांवरून हात फिरवला आणि आत गेल्या.

काउंटरमागे भिंतभर एक कापड काचेत लावलं होतं. लांबून विणलेलं वाटावं, जवळ गेल्यावर छापलेलं. काउंटरवरच्या माणसाने अदबीने खोली उघडून दाखवली. खरेदीबाईंनी पलंगावरची चादर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळली, पडदा सारून खिडकीबाहेर पाहिलं आणि “सांगते” म्हणून लिफ्टने खाली आल्या.

“काय झालं?” वन्संनी विचारलं.

“वास येतोय.”

“कसला?”

“रंगाचा. नुकताच दिलाय भिंतींना.”

“मग बरंच की. आपल्या घराला शेवटचा रंग कधी दिला होता? मी तर त्याचा वास कसा असतो तेही विसरले.”

खरेदीबाई त्यांच्या शेजारी बसल्या. रिक्षावाल्याने आरशातून दोघींकडे पाहिलं आणि रिक्षा सुरू केली.

खरेदीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहरातल्या एका मोठ्या कापडदुकानात त्या खरेदीच्या कामावर होत्या आणि वर्षातून दोनदा ह्या विणकरांच्या गावात यायच्या. आठ-दहा दिवस राहून घरोघरच्या मागांवर जायचं, रंग द्यायचे, शाली बघायच्या, पसंत पडेल त्या घ्यायच्या. सगळी नोकरी ह्यात गेली. गावाने त्यांना खरेदीबाई केलं ते केलंच. घरी त्या आई होत्या, सूनबाई होत्या, आणि वन्संना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, वहिनी. त्या अशा दौऱ्यावर निघाल्या की पोरांच्या वेण्या, डबे, सासूबाईंची औषधं, सगळं वन्संच्या गळ्यात पडायचं. वन्सं ऐन तरुणपणी नवरा जाऊन माहेरी परत आल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कोणाला नाही म्हटलं नाही.

आता घरात दोघीच उरल्या होत्या, आणि तेही घर विकलं गेलं होतं. पुढच्या महिन्यात ताबा द्यायचा होता. मुलाकडे आई, मुलीकडे आत्या असं ठरलं. भांडीकुंडी वाटून झाली तशीच ह्या दोघींचीही वाटणी झाली. दोन घरं दोन टोकांच्या दोन शहरांत. त्याआधी कुठेतरी जाऊन या म्हणून मुलीने टुमणं लावलं, तेव्हा वन्सं पटकन म्हणाल्या होत्या, “वहिनी आयुष्यभर ज्या गावाला पळून जायची ना, ते दाखव म्हणावं मला.”

दुसरं हॉटेल मुलीने मोबाईलवर लोकांची मतं वाचून काढलेलं होतं. समोर बाग, बागेत कारंजं, कारंज्यात पाणी नाही. इथे वन्संही काठी टेकत आत आल्या आणि कोचावर बसून घेतलं.

“खिडकी कुठल्या बाजूला आहे?” खरेदीबाईंनी विचारलं.

“पार्किंगच्या बाजूला, मॅडम.”

“तसं नाही. उत्तरेला का दक्षिणेला?”

काउंटरवरच्या मुलीने बाहेर जाऊन सूर्य कुठे आहे ते बघितलं आणि परत येऊन म्हणाली, “एसी आहे, मॅडम. खिडकी उघडावी लागत नाही.”

वन्सं कोचावरून म्हणाल्या, “बघ. उघडावी लागत नाही. आता तरी घे.”

खरेदीबाई बाहेर पडल्या. वन्संना कोचावरून उठायला दोनदा जोर करावा लागला. रिक्षात बसताना त्यांचा चेहरा आंबला होता.

“आजी,” रिक्षावाला म्हणाला, “हॉटेल बघताय का मुलीला स्थळं बघताय?”

“स्थळं परवडली,” वन्सं म्हणाल्या. “हिला बघायला आले होते तेव्हा आमच्या आईने सुद्धा एवढी नाटकं केली नव्हती. चहा प्यायली आणि पसंत म्हणाली.”

“मग पुढं अजून एक दाखवू? मालक ओळखीचा आहे.”

“तुझं कमिशन कळलं बाबा. जरा थांब.” वन्सं वळल्या. एरवी फटकळ, पण आता आवाज खाली आला होता. “वहिनी, तुझं ते हॉटेल कुठे आहे? तू उतरायचीस ते? मगाचपासून तू तेच शोधते आहेस ना?”

“ते आता असेल की नाही कोण जाणे.”

“नसलं तर नसेल. जाऊन तर बघू. माझ्या पायांसाठी तू अडून राहू नकोस.”

खरेदीबाईंची पंचाईत झाली होती ती इथेच. ते हॉटेल नव्हतंच. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा गावात दोन लॉज होते आणि दोन्हीकडे एकट्या बाईला खोली द्यायची पद्धत नव्हती. एकाने तर बॅगेकडे बघून विचारलं होतं, मालक मागून येणार आहेत का. शेवटी एका विणकराच्या, त्या ज्यांना विणकरदादा म्हणायच्या त्यांच्या, बायकोने माडीवरची सुताची खोली रिकामी करून दिली. पुढे दर खेपेला तीच खोली. घरी त्यांनी “उतरायची सोय चांगली आहे” एवढंच सांगितलं. सासूबाईंनी त्याचं हॉटेल केलं, पोरांनी त्याला गच्ची लावली, आणि वन्संनी त्यात घातला घंटी वाजवली की ट्रेमधून येणारा चहा. “तुला काय, तिथे घंटी दाबलीस की झालं,” हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं, की त्यातली घंटी काढून टाकणं खरेदीबाईंना कधी जमलंच नाही.

आणि मनातली गोष्ट अशी होती, की त्यांना मुलाकडे जायच्या आधी एक रात्र त्याच खोलीत झोपायचं होतं. तेवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. तिथे काय उरलं असेल याची भीती होती, म्हणून दोन हॉटेलं उगीच बघून झाली होती.

“डावीकडे घे,” त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. “विणकर आळीत.”

पूर्वी वळण यायच्या आधी आवाज यायचा. खटक-खट, खटक-खट, एका घरातून संपला की दुसऱ्या घरातून. आता वळण आलं, गेलं, आणि रिक्षाचाच आवाज तेवढा ऐकू येत राहिला. दोन्ही बाजूंना दुकानं झाली होती. दारांवर शाली टांगल्या होत्या. हात न लावता खरेदीबाईंना कळत होतं की त्या यंत्रावरच्या आहेत. सगळ्या काठांचा तोच एक निळा.

घर मात्र होतं. वर मजला चढला होता, दाराला काच आली होती आणि पाटीवर मागाचा एक धोटा रंगवून खाली ‘हॉटेल’ लिहिलं होतं.

“अगं, खरंच हॉटेल आहे की,” वन्सं म्हणाल्या.

खरेदीबाईंना हसावं का रडावं कळेना.

आत टेबलापाशी चाळिशीची एक बाई फोनवर कोणाला तरी गरम पाण्याच्या वेळा सांगत होती. ही विणकरदादांची धाकटी सून असणार. खरेदीबाईंची शेवटची खेप झाली त्यानंतर ती ह्या घरात आलेली. तिने फोन ठेवून दोघींच्या बॅगांकडे पाहिलं. “या मावशी. डबल बेड ना? खाली आहे, पायऱ्या नाहीत. आजींना बरं पडेल.”

“मला माडीवरची हवी होती,” खरेदीबाई म्हणाल्या. “जिना चढल्यावर उजव्या हाताची. उत्तरेची खिडकी असलेली.”

सून गोंधळली. “ती? ती देत नाही हो आम्ही. ड्रायव्हर लोकांची खोली आहे ती. पाहुण्यांचे ड्रायव्हर झोपतात. बाथरूम पण खाली.”

“आज आहे का कोणी ड्रायव्हर?”

“आज नाही. पण मावशी, तिथं बाईमाणूस कसं राहील?”

“राहते,” खरेदीबाई म्हणाल्या.

जिना पूर्वीसारखाच उभा होता. कठड्याच्या जागी तोच दोर. “वन्सं, तुम्ही खाली बसा, मी बघून येते,” असं त्या म्हणेपर्यंत वन्संनी काठी सुनेच्या हातात दिली होती आणि पहिल्या पायरीवर बूड टेकलं होतं. पाठमोऱ्या, बसत बसत, एकेक पायरी वर. मध्ये थांबून धापा टाकायच्या. “बघू नकोस माझ्याकडे. तू चढ. इथवर आले ती काय खालचं टेबल बघायला?”

खोलीला कुलूप नव्हतं. खरेदीबाईंनी दार ढकललं.

एकच अरुंद खाट. भिंतीत दोन खुंट्या. कोनाड्यात कोणा ड्रायव्हरने विसरलेला कंगवा. बिडीचा शिळा वास. खिडकी होती, तेच लाकडी गज होते, पण गजांपलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत उभी होती. पूर्वी तिथे मोकळं आभाळ होतं. रंग पाहायचा तो उत्तरेच्या उजेडात, असं दुकानातल्या जुन्या माणसांनी त्यांना शिकवलं होतं. तिथे ऊन पडत नाही, त्यामुळे रंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्या बोलीला जागतो. विणकर सुताच्या लडी घेऊन वर यायचे आणि त्या ह्या खिडकीत धरून सांगायच्या, हा नको, हा एक हात गडद करा. आता खिडकीत नुसता राखाडी उजेड साचला होता.

मागून वन्सं आत आल्या, भिंतीला धरत खाटेपर्यंत गेल्या आणि बसल्या. खाट कुरकुरली. त्यांनी एकेक बघून घेतलं. खुंट्या, कोनाडा, खिडकी, दार.

“घंटी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“नव्हतीच कधी.”

“चहा?”

“खाली जाऊन चुलीपाशी बसून प्यायचे. त्यांच्या घरच्यांबरोबर.”

“आणि मी इतकी वर्षं तुझा हेवा केला,” वन्सं म्हणाल्या. मग जराशाने, “इथे आणखी कोण झोपायचं?”

“कोणी नाही. मीच.”

“आणि दार?”

“आतून कडी आहे. पहिल्या रात्री मी ती तीनदा लावून काढून बघितली होती. माहेरी बहिणी, सासरी तुम्ही सगळे. दाराला आतून कडी लावून मी कधी झोपलेच नव्हते, वन्सं.”

वन्संनी दाराकडे पाहिलं. कडी लोखंडी होती, हातांनी झिजून गुळगुळीत झालेली.

“मग हेवा काही चुकीचा नव्हता,” त्या म्हणाल्या.

त्यांनी ते टोमणा मारल्यासारखं म्हटलं नाही, म्हणून खरेदीबाईंना ते जास्त लागलं. त्या घरात वन्संची गादी स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळात असायची. पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण त्यांना ओलांडून जायचा. पोरं लहान होती तेव्हा दोन्हीकडून एकेक पोर. पोरं मोठी झाली, खोल्या रिकाम्या झाल्या, तरी त्यांनी जागा बदलली नाही. सवय झाली म्हणायच्या. आता मुलीकडे त्यांची सोय दिवाणखान्यातल्या सोफ्यावर होणार होती, उघडला की पलंग होतो तो. मुलीने त्याचा फोटोसुद्धा पाठवला होता.

“तुम्ही खाटेवर पडा,” खरेदीबाई म्हणाल्या. “मी खाली जमिनीवर गादी टाकते.”

“उठवेल तुला सकाळी?”

“बघू.”

तेवढ्यात खालून आवाज आला. खटक-खट.

खरेदीबाई दचकल्या. वन्सं आडव्या होत म्हणाल्या, “जा. तुझं माहेर हाक मारतंय. मी जरा पाय लांब करते.”

खालच्या सोप्यात माग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, जुना. त्याच्याभोवती दोरी बांधून पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मागावर विणकरदादा बसले होते. पांढरा इस्त्रीचा सदरा, मान वाळलेली, हात मात्र तेच. धोटा इकडून गेला, फणी आपटली, धोटा तिकडून आला. पाहुण्यांनी मोबाईल वर धरले होते.

“एका शालीला किती दिवस लागतात?” एकाने विचारलं.

“बसलं तर महिना,” विणकरदादा म्हणाले.

“आणि नाही बसलं तर?”

“नाही बसलं तर पंधरा वर्षं.”

पाहुणे हसले. चार बोटं कापड विणून झालं तशी सुनेने चहा मांडल्याचं सांगितलं, आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. खरेदीबाई खांबापाशी उभ्याच होत्या.

विणकरदादांनी डोळ्यांवर हात धरला. “कोण? बाई का?”

“मीच, दादा.”

त्यांनी हात मागावर टेकले. चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं आणि ते खरेदीबाईंना बघवेना, कारण पुढे काय येणार ते त्यांना कळलं होतं.

“खरेदी सुरू झाली का परत?” त्यांनी विचारलं. “ताणा सांगू? एक म्हातारा अजून आहे उभे धागे लावून देणारा. उद्या निरोप धाडला तर परवा येईल.”

“नाही, दादा. दुकान बंद झालं. मीही कधीच निवृत्त झाले. नुसती राहायला आलेय. आमच्या वन्संना घेऊन.”

“राहायला.” त्यांनी मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा. “बरं केलंत. ही असती तर तिला बरं वाटलं असतं.” बायको गेल्याचं त्यांनी एवढ्यात सांगून टाकलं.

मग त्यांनी पुन्हा पायट्यांवर पाय ठेवले. खरेदीबाईंना वाटलं विणणार. पण त्यांनी धोटा आल्या वाटेने परत टाकला, आडवा धागा कापडातून अलगद सोडवून घेतला, पायटी उलट दाबली आणि पुढचा धागा सोडवला.

“उसवताय?”

“रोज. संध्याकाळी चार बोटं विणायची, मग चार बोटं सोडायची.” ते खाली बघतच बोलत होते. “ताण्याचं टोक राहिलंय ते एवढंच. वीतभर. विणून संपवलं तर कापावं लागणार, आणि कापलं की नव्या ताण्याला गाठ मारायला काही उरत नाही. तुम्हाला सांगायला नको.”

खरेदीबाईंना माहीत होतं. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाशी जोडायचा, म्हणून माग कधी पुरता मोकळा करत नाहीत. घर सोडून जाणारा विणकरसुद्धा मागावर वीतभर ताणा ठेवून जातो.

“मुलगा म्हणतो, दुसरा कसलाही दोरा बांधून ठेवू, पाहुण्यांना काय कळतंय. मी म्हटलं मला कळतंय की.” ते थोडं हसले. “रंग ओळखलात?”

खरेदीबाई वाकल्या. रोज विणून, रोज उसवून धाग्यांना लव सुटली होती. तुटलेल्या ठिकाणी बारीक गाठी होत्या. पण रंग होता. वांग्याच्या सालीचा नाही, जांभळाचाही नाही, त्या दोहोंच्या मधला. वरच्या खिडकीत उभं राहून त्यांनी विणकरदादांना तीन वेळा परत पाठवलं होतं त्या रंगासाठी. त्यानंतर दुकानाने खरेदी थांबवली.

“मीच दिलेला.”

“तुमचाच आहे तो,” विणकरदादा म्हणाले.

सोडवलेला धागा त्यांच्या मांडीवर गोळा होत होता. शेजारी धोट्यात बसणारी कांडी भरायचा छोटा रहाट होता. खरेदीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मग दोरी उचलून तिच्याखालून आत गेल्या आणि गुडघा धरत जमिनीवर बसल्या. धाग्याचं टोक शोधून कांडीला लावलं आणि रहाट फिरवायला घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी हे काम नुसतं पाहिलं होतं, केलं नव्हतं. पहिल्यांदा धागा सैल पडला.

“ताणून धरा. एवढं नाही. हं.”

सून चहाचे कप गोळा करायला आली आणि थबकली. “अहो मावशी, तुम्ही कशाला? बाबा, पाहुण्यांना कामाला लावलंत?”

“पाहुण्या नाहीत त्या,” विणकरदादा म्हणाले. “वरच्या खोलीतल्या आहेत.”

सुनेला ते नीट कळलं नाही. ती कप घेऊन गेली.

बाहेर दुकानांचे दिवे लागले. इकडे धागा सुटत होता, तिकडे कांडीवर चढत होता. वर खाट कुरकुरली. मग फरशीवर पाय घासत कोणी चालल्याचा आवाज आला, अगदी सावकाश, भिंतीला धरत धरत. खरेदीबाईंना वाटलं वन्संना पाणी हवं असेल, त्या हाक मारतील. त्यांनी रहाट थांबवून वर कान दिला.

दार लोटल्याचा आवाज आला. मग कडीचा. लागली, निघाली, आणि परत लागली.

“तुम्ही कुठं झोपणार मग?” विणकरदादांनी विचारलं.

“खाली आहे म्हणाली ना सूनबाई एक खोली. पायऱ्या नसलेली.”

त्यांनी रहाट पुन्हा फिरवायला घेतला. आता धागा सैल पडत नव्हता.